क्लेमेंटची बर्फगाडी

इंग्लंडच्या सॉमरसेट भागातल्या त्या गावात डिसेंबरभर पाऊस असे आणि उरलेल्या वेळात चिखल. तरी क्लेमेंट दर नाताळाला आजोबांच्या, बर्फावरून घसरणाऱ्या बिनचाकी लाकडी बर्फगाडीला निष्ठेने मेण लावी. यंदा मात्र बायकोने, मॉरीनने, निर्वाणीचं सांगितलं.

"नाताळच्या जेवणापर्यंत बर्फ पडला नाही, तर ही चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात विकायला जाणार."

"दारातल्या त्या काटेरी पानांच्या हॉली झाडाला लाल फळं किती लगडलीत बघ! म्हणजे यंदा कडाक्याची थंडी पडणार."

"गेल्या वर्षीही लगडली होती. तेव्हा आपल्या अंगणात बदकं पोहत होती, हवामानतज्ज्ञ!"

नाताळच्या सकाळी क्लेमेंटने आशेने पडदा सारला. बाहेर मुसळधार पाऊस होता आणि नदी फाटकापर्यंत आली होती. पुराचं पाणी अडवायला आणलेली वाळूची पोती गल्लीच्या टोकाला पडली होती आणि चिखलात ढकलगाडीचं चाक रुतून बसलं होतं.

"अहो, बघत काय बसलात? काढा ती तुमची गाडी!"

मेण लावलेली गाडी चिखलावरून लोण्यासारखी सरकली. दुपारपर्यंत सगळी पोती दाराशी लागली आणि नाताळच्या जेवणाची भाजलेली टर्की कोंबडी कोरड्या घरात टेबलावर आली. डोक्यावर नाताळच्या जेवणाचा कागदी मुकुट चढवून क्लेमेंटने घसा खाकरला.

"एक शब्द बोलू नका," मॉरीन म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी मेण जरा जास्त लावा."