‘हो, मागून आलं!’

मित्रांनो, मी एका स्टुडिओतला जुना हेडफोन. माझ्या उजव्या कानाची गादी फाटली आहे, डोक्यावरची पट्टी काळ्या चिकटपट्टीने बांधली आहे आणि माझा बराचसा दिवस खुंटीवर लोंबकळण्यात जातो. मला पाहून ‘अरेरे’ म्हणू नका. अरेरे म्हणावे अशी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या मानाने माझे काहीच बिघडलेले नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. भिंगाखाली मान वाकवून बसलेल्या एका बाईने केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळून माझी दोन वेटोळी तयार केली. त्यातले एक तिच्या मनासारखे झाले नाही, म्हणून तिने ते उलगडून पुन्हा गुंडाळले. कोणी बघत नव्हते. कोणी विचारणारही नव्हते. पुढे मला जी माणसे भेटली, त्यांतल्या बहुतेकांना मी त्या बाईच्या शेजारच्या स्टुलावरसुद्धा बसू दिले नसते.

तिथून मी या स्टुडिओत आलो. इथे चित्रपटांचे आवाज जुळवले जातात. बोलणे, पावले, वारा, यंत्रे, सगळे आपापल्या जागी बसवायचे, हे इथले काम. एका नवरा-बायकोने मिळून हा स्टुडिओ उभा केला होता. सगळे त्यांना दादा आणि वहिनी म्हणत. दादा कामे आणत आणि वहिनी ती करत. त्यांची एक मोठी खोली होती. पुढे तीन स्पीकर, मागे दोन आणि मधोमध वहिनींची खुर्ची. कुठला आवाज पुढून यावा आणि कुठला मागून, हे वहिनी त्या खोलीत ठरवत. बारीक गोष्टींसाठी मला डोक्यावर चढवत. नटाने गिळलेला आवंढा, खुर्चीची कुरकुर, शर्टाला घासलेला माइक, असले सगळे चोर मी त्यांना पकडून दिले.

मी साधा हेडफोन आहे. डावा आवाज डाव्या कानात, उजवा उजव्या कानात, आणि दोन्हीकडचा असेल तो डोक्याच्या आत. माझ्यातून काही पुढून येत नाही की मागून येत नाही. ही माझी मर्यादा आहे आणि मी ती कधी लपवली नाही. दादा पाहुण्यांना सांगत, “हिचे कान आणि हा हेडफोन, या दोघांपुढे माझं काही चालत नाही.” ते दिवस चांगले होते.

मग एका आजारात दादा गेले आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचे धाकटे भाऊ येऊन बसले. वहिनी त्यांना भावोजी म्हणत, म्हणून मीही भावोजीच म्हणतो. मनात काय म्हणतो ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखे नाही. भावोजींचा आवाजाशी संबंध एवढाच, की त्यांना स्वतःचा फार आवडत असे. आल्या आल्या त्यांनी ती मोठी खोली दातांच्या डॉक्टरला देऊन टाकली. पाचही स्पीकर एका टेम्पोत चढले आणि गेले. जिथे वहिनी डोळे मिटून बसत, तिथे आता लोक आ वासून बसतात.

“वहिनी, काळजी नको,” भावोजी म्हणाले. “आता सगळी खोली तुमच्या या हेडफोनातच बसते. सॉफ्टवेअर आणलंय.”

त्या सॉफ्टवेअरचे नाव लांबलचक होते. मी त्याला नकल्या म्हणत असे. त्याचे काम पाच स्पीकरांची नक्कल करणे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्याला किंचित उशिरा, किंचित दबलेला पोचतो. नकल्या तो उशीर आणि तो दबलेपणा हिशेब करून आवाजात मिसळायचा, आणि ते सगळे माझ्यातून सोडायचा. म्हणजे मी बारा वर्षे सरळ बोलल्यावर आता खोली असल्याचे सोंग घ्यायचे होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण हेडफोनला कोण विचारतो?

पहिल्या दिवशी भावोजींनी अख्खे ऑफिस गोळा केले. एका गिऱ्हाईक दिग्दर्शिकाबाईही आल्या होत्या. नमुन्याच्या आवाजात एक घोडा ऐकणाऱ्याच्या भोवती गोल धावत होता, आणि संगणकाच्या पडद्यावर एक डोके काढलेले होते व त्याभोवती लाल ठिपका फिरत होता. मी एकेकाच्या डोक्यावर चढत गेलो. बाहेरच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, “अय्या, मागून आला!” बाईंच्या चित्रपटाचा संकलक म्हणाला, “हो, मागून आला. कमाल आहे!” दिग्दर्शिकाबाईंनी मान हलवली आणि “छान” म्हणाल्या.

मी त्यांच्या कानांवर बसलो होतो. सगळ्यांचे डोळे ठिपक्यावर खिळले होते. ठिपका मागे गेला की माना डोलत. एखाद्याला खरेच ऐकू आले असेलही, पण बाकीच्यांना घोडा कुठे आहे हे खुद्द घोड्याने येऊन सांगितले असते तरी कळले नसते.

शेवटी मी वहिनींच्या डोक्यावर आलो. त्यांनी सवयीने डोळे मिटले. घोडा दोनदा फिरला.

“भावोजी, हा माझ्या कपाळात आहे.”

“कपाळात?”

“हो. ना पुढे, ना मागे. डोक्यात टापा वाजताहेत.”

“वहिनी, राग मानू नका,” भावोजी सगळ्यांदेखत म्हणाले, “पण इथे सगळ्यांना ऐकू आलं. पन्नाशी उलटली की कान जरा...” पुढचे वाक्य त्यांनी एका दयाळू हसण्यात गुंडाळून ठेवले. ते हसणे मी हातभर अंतरावरून पाहिले. तसले हसणे पुसायला फडके मिळत नाही.

दिग्दर्शिकाबाईंचा माहितीपट एका कागदगिरणीच्या शेवटच्या दिवसाबद्दल होता. एक म्हातारा कामगार मधोमध उभा आहे आणि भोवतालची यंत्रे एकामागून एक बंद पडतात. आधी समोरचे, मग डावीकडचे, मग उजवीकडचे. सगळ्यात शेवटी त्याच्या पाठीमागचे यंत्र थांबते आणि शांतता होते. अख्खा चित्रपट त्या एका प्रसंगावर उभा होता. पाठीमागचे यंत्र पाठीमागे ऐकू आले नाही, तर काहीच उरत नव्हते.

वहिनींनी चार दिवस झटून पाहिले. यंत्र त्यांच्या कपाळातून हलेना. पाचव्या दिवशी भावोजींनी तो प्रसंग संकलकाला दिला. संकलक लाल ठिपका मागे सरकवून मोकळा झाला. त्याने डोळ्यांनी यंत्र ऐकले.

वहिनी खचल्या. रोज संध्याकाळी त्या मला पिशवीत घालून घरी नेत. माझ्या आतला पातळ पडदा बाहेरच्या आवाजानेही थरथरतो, त्यामुळे घरचे मला सगळे कळायचे. त्या नळ सोडायच्या आणि तो मागून ऐकू येतो का हे बघायला पाठ फिरवून उभ्या राहायच्या. मुलीला विचारायच्या, “तू मला हाक मारलीस का?”

“नाही गं आई. मघापासून चौथ्यांदा विचारतेयस.”

एकदा मुलीने टेबलावरचा कागद उचलला. तो राजीनामा होता. ‘कानांच्या दोषामुळे हे काम यापुढे मला झेपणार नाही’ असे वहिनींनी सुबक अक्षरात लिहिले होते.

“दोष आहे हे कोणी सांगितलं?” मुलगी कडाडली. “काकांनी? आई, आधी डॉक्टर, मग कागद!”

कानांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी वहिनींना काचेच्या बंद खोलीत बसवले. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचे. अर्धा तास बटण दाबून झाल्यावर डॉक्टर आलेख घेऊन बाहेर आल्या.

“हे कान तुमच्या वयाचे नाहीतच,” त्या म्हणाल्या. “माझ्यापेक्षा बरे आहेत.”

वहिनींनी मला पिशवीतून काढले, आपल्या लॅपटॉपला जोडले आणि डॉक्टरांच्या डोक्यावर ठेवले. लॅपटॉपचा पडदा दुसरीकडे वळवला. “डोळे मिटा आणि घोडा कुठे आहे सांगा.”

“डावीकडे... उजवीकडे... आता...” डॉक्टर थांबल्या. “मागे नाही हो. टाळूवर उभा आहे.”

मित्रांनो, इतक्या डोक्यांवर बसून झाल्यावर वहिनींखेरीज खरे बोलणारे हे पहिलेच डोके मला भेटले. वहिनी हसायला लागल्या ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

डॉक्टरांनी समजावले ते साधे होते. कानाच्या पाळीला जी वळणे असतात, त्यांच्यात पुढून आलेला आवाज एका तऱ्हेने घुमतो आणि मागून आलेला दुसऱ्या तऱ्हेने. ही वळणे प्रत्येकाची वेगळी, आणि आपला मेंदू लहानपणापासून आपल्याच कानांना सरावलेला. “या सॉफ्टवेअरने तुम्हाला दुसऱ्या कोणाचे तरी कान लावलेत,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून दिसेल का? माप बदलायची सोय असेल त्यात. बघा तरी.”

सोय होती. पहिल्या पानावरच होती. भावोजींनी ते पान उघडलेच नव्हते. त्यांनी फक्त खोका वाचला होता. घरी येऊन वहिनींनी शिवणाच्या टेपने डोक्याचा घेर मोजला, आकडा भरला आणि त्यातल्या यादीतले चोवीस नमुन्यांचे कान एकामागून एक लावून पाहायला सुरुवात केली. तिसऱ्या कानाने घोडा टाळूवर, सातव्याने मानेवर, नवव्याने तर थेट नाकात. अकरावा कान लावला आणि घोडा त्यांच्या खांद्याजवळून निघून पाठीमागे गेला. वहिनी खुर्चीसकट वळल्या. मागे कपाट होते. त्यांनी राजीनाम्याच्या पाठीवर पेन्सिलने ‘११’ लिहिले आणि कागद पिशवीत टाकला.

मला कबूल केले पाहिजे. त्या क्षणी माझ्यासारख्या दोन चकत्यांच्या हेडफोनातून खरोखरच मागचा आवाज गेला. नकल्याबद्दलचे माझे मत थोडे बदलले. माणसांबद्दलचे बदलायचे काही कारण घडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकाबाई काम पाहायला आल्या. वहिनींनी मला संगणकाला जोडले आणि भावोजींना म्हणाल्या, “आधी तुम्ही ऐका. शेवटचं यंत्र मागून येतंय का बघा.”

पडद्यावर ठिपका मागे सरकला. भावोजींनी डोळे विस्फारले.

“वा! एकदम पाठीमागे! अंगावर काटा आला बघा, वहिनी.”

मग संकलकाने ऐकले. “आलं, आलं. मागूनच.”

मग मी दिग्दर्शिकाबाईंच्या डोक्यावर गेलो. “मला नाही आलं,” त्या हळूच म्हणाल्या. “खरं तर पहिल्या दिवशीही नव्हतं आलं. तुम्ही सगळे हो म्हणत होतात, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.”

“तुमचं बरोबर आहे,” वहिनी म्हणाल्या. “आज कोणालाच मागून येणार नाही. मी ते सॉफ्टवेअर बंद ठेवलंय, नुसता ठिपका चालू आहे.”

संकलकाने चष्मा काढून पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

“बंद?” भावोजी म्हणाले. “मग मला कसं...”

“ते तुम्हीच सांगा, भावोजी.”

भावोजींनी ठिपक्याकडे बोट दाखवले आणि मग ते बोट हळूच खिशात घातले.

“मला तुमच्यावर हसायचं नाही,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “तो माणूस चाळीस वर्षं त्या यंत्राकडे पाठ करून उभा राहिलाय. ते कुठे आहे हे न ऐकताच आपण ‘आलं’ म्हणून त्याच्यावर चित्रपट करणार होतो. आणि माझे कान गेले असं तुम्ही चारचौघांत म्हणालात. ते चारचौघांतच परत घ्या.”

भावोजी खाली बघत म्हणाले, “चुकलं, वहिनी.”

“मला ऐकू आलं,” वहिनी म्हणाल्या, “पण सगळ्यांना येऊ दे.”

“चुकलं!” भावोजी मोठ्याने म्हणाले. शेजारच्या खोलीतली दातांच्या यंत्राची घरघरही क्षणभर थांबली.

त्यानंतर त्या प्रसंगाचे काम वहिनींकडे परत आले. त्यांनी दोन अटी घातल्या. नकल्या वापरायचा तर प्रत्येकाने आधी आपले माप घ्यायचे, आणि शेवटची तपासणी खऱ्या स्पीकरांच्या सभागृहातच करायची. भावोजींनी दार लावून घेऊन स्वतःचे डोके मोजले. डोक्याचा घेर तरी त्यांना कळला, हेही थोडे नाही.

तपासणीच्या दिवशी मी वहिनींच्या गळ्यात होतो. सभागृहात पुढच्या रांगेत तो म्हातारा गिरणी कामगार बसला होता. पडद्यावर यंत्रे थांबत गेली, समोरचे, डावीकडचे, उजवीकडचे. मागचे एकटे धडधडत राहिले आणि मग तेही थांबले. म्हाताऱ्याने मान वळवली नाही. फक्त त्याचा उजवा हात खुर्चीच्या पाठीवरून मागे गेला आणि काळोखात काहीतरी चाचपू लागला. ते यंत्र नीट बंद झाले आहे ना, हे तो बघत होता. वहिनींचे बोट माझ्या वायरीभोवती घट्ट आवळले गेले.

मित्रांनो, आता माझी विनंती. हेडफोनची वायर मुडपू नका आणि घामेजलेल्या कानांवरून उतरवल्यावर त्याला पुसून ठेवा. कान फाटतील एवढा आवाज त्यातून काढू नका. कान तुम्हाला दुसरे मिळत नाहीत, यादीतून तर नाहीच नाही. आणि उद्या कोणी तुमच्या डोक्यावर काहीतरी चढवून “आलं ना ऐकू?” असे विचारले, आणि आले नसेल, तर “नाही” म्हणा. दोनच अक्षरे आहेत. एका भरल्या ऑफिसला ती उच्चारता आली नाहीत. तुम्हाला येतील अशी माझी फारशी आशा नाही, पण विनंती करून ठेवतो.