फुसाएच्या ओळखीचा आवाज

कियोहारुची बायको फुसाए गेल्या वसंतात त्याचा चेहरा विसरली. आधी तोक्योत राहणाऱ्या लेकींची नावं गेली, मग डबे-भांडी कुठे असतात ते गेलं, आणि एका सकाळी त्याच्यापुढे चहा ठेवता ठेवता तिने विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?"

पण त्याची गाडी ती विसरली नव्हती.

माझं गॅरेज त्यांच्या घरासमोरच आहे. वृद्धांच्या डे-सेंटरची गाडी फुसाएला दुपारी सोडून जायची, आणि कियोहारु कोन्याकू कंदाच्या वड्या बनवणाऱ्या कारखान्यातून सुटेपर्यंत मी काम करता करता तिच्यावर लक्ष ठेवायचो. ती ओसरीवर बसून राहायची. त्याची जुनी पांढरी गाडी खालच्या पुलावर आली की मला ऐकू यायच्या आधी तिची मान वर व्हायची. "आले हो," म्हणत ती उठायची आणि दारातल्या त्याच्या चपला सरळ करून ठेवायची. त्या गाडीतून जो उतरेल तो आपला नवरा, एवढं तिच्या मनात पक्कं होतं. चेहऱ्याकडे ती बघतच नसे. मग दोघं जेवायची, झोपायची, सगळं नेहमीसारखं.

शरद ऋतूत त्या गाडीचा मॅनिफोल्ड तडकला. इंजिनातून धूर बाहेर नेणारा तो बिडाचा भाग. आधी नुसती टिकटिक होती, पुढे धूर आत गाडीत यायला लागला. कियोहारु खिडक्या उघड्या ठेवून चालवायचा आणि आकागी डोंगराचा वारा खाऊन निळा होऊन घरी यायचा.

"दुसरा टाक ना तसलाच," तो म्हणाला.

"कंपनीने तो बनवायचं बंद केलंय. जवळपासच्या भंगारातही नाही."

"मग वेल्डिंग मार."

"दोनदा मारलं. दोन्ही वेळा तू टॉर्च धरून उभा होतास. आता बीड धरत नाही."

दुसरी गाडी घे म्हणायला माझी जीभ उचलेना. दुसरी गाडी म्हणजे दुसराच आवाज.

"बाहेरच्या कंपनीचा मिळतो," मी म्हणालो. "ऑक्टोपसचे पाय."

त्या नळ्यांना आम्ही तेच म्हणतो. चार नळ्या इंजिनातून निघून वळत वळत खाली एकीत शिरतात. पोरंटोरं हौसेने बसवतात. कियोहारु कितीतरी दिवसांनी हसला.

"या वयात? लोक म्हणतील म्हातारा चळला."

"लोक तसंही म्हणतातच. गाडीच्या सरकारी तपासणीला चालणारा घेऊ, सोबत कागद येतो."

"आणि आवाज?"

"थोडा फरक पडेल."

"थोडा म्हणजे किती, ईसाकु?"

मी वहीत नळ्यांची ऑर्डर लिहून घेतली.

रविवारी फुसाएला माझ्या बायकोपाशी बसवून आम्ही कामाला लागलो. उष्णता अडवणारा पत्रा हातात आला तोच गंजून कुरकुरीत झालेला. बोल्टांवर आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवलं होतं, तरी मागच्या कोपऱ्यातला एक कटकन तुटला. त्याचं मुंडकं खाली पडलं आणि उरलेला तुकडा इंजिनातच राहिला.

"मोडलास?" कियोहारु गाडीखालून म्हणाला.

"त्याचं वय झालं होतं."

"तुझंही झालंय, तुला कुणी मोडतं का?"

तो तुकडा काढायला दुपार गेली. तापवायचा, तेल सोडायचं, पान्याने हळूच हलवायचा, पुन्हा तापवायचा. कियोहारु थंडगार फरशीवर पाठ टेकून खालचा जोड सोडवत होता. डोळ्यांत गंजाची भुकटी जायची, तरी तो उठला नाही. नव्या नळ्या स्टिअरिंगच्या दांड्याला घासून जात होत्या, म्हणून इंजिन जरा उचलून धरलं, तेव्हा कुठे त्या आत शिरल्या. सांध्यात नवं गॅस्केट लावून बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला आवळत गेलो.

चावी फिरवली. नव्या नळ्यांवरचं तेल जळून पांढरा धूर निघाला, वास सुटला. धूर विरला आणि आवाज मोकळा झाला. खोल, जरा खरखरीत, पोटात घुमणारा.

कियोहारुने हात पुसायचं थांबवलं. मीही त्याच्याकडे बघत राहिलो. हा आवाज आम्हा दोघांनाही ठाऊक होता. तरुणपणी त्याची एक लाल गाडी होती, तिला हेच पाय होते. फुसाएचा बाप तोफूवाला, फार कडक माणूस. गाडी पुलावर आली की फुसाए मागच्या दाराने निसटून तिच्यात बसायची. पुढे थोरली लेक झाली, ती आवाजाने दचकून रडायची, तेव्हा त्याने ते काढून टाकले आणि मग गाडीच विकली.

"थोडा फरक म्हणाला होतास," तो म्हणाला.

सोमवारी संध्याकाळी मी मुद्दाम बाहेर उभा राहिलो. गाडी पुलावर आली. फुसाएची मान वर झाली, पण ती "आले हो" म्हणाली नाही, चपलांनाही शिवली नाही. लगबगीने आत गेली. मागच्या दाराने बाहेर आली तेव्हा ओठांना लाली लावलेली होती, केस विंचरलेले, हातात पर्स. कुंपणाशी वाकून उभी राहिली.

कियोहारु गाडीतून उतरला. तिने त्याच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं.

"काका, कियो-सान कुठे आहेत?"

"फुसाए, मीच..."

"गाडी त्यांचीच आहे. तुमच्याकडे कशी आली? त्यांना काही झालं का?"

ती रडायला लागली. घरात गेली आणि तिने आतून कडी लावली. परका पुरुष दाराशी उभा, ती तरी काय करणार? त्या रात्री कियोहारु आमच्याकडे जेवला, आणि माझ्या बायकोने तिला समजावून झोपवल्यावर चोरासारखा स्वतःच्या घरात शिरला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. लेकींनी फोनवर सांगितलं, आता आईला कायमचं संस्थेत ठेवू या, जागाही मिळतेय.

"नळ्या बदलल्यामुळे बायको जाते माझी," तो मला म्हणाला. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

मी या वेळी जिल्ह्याबाहेरच्याही सगळ्या भंगारवाल्यांना फोन लावले. शेवटी डोंगरापलीकडे एकाच्या आवारात तसलीच गाडी निघाली, मॅनिफोल्ड शाबूत. स्वतः जाऊन काढून आणला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्यापुढे ठेवला.

"रविवारी बसवू. पुन्हा पहिल्यासारखा."

त्याने कागद बाजूला करून बिडावरून बोट फिरवलं. "हो," म्हणाला, आणि कारखान्यात गेला.

त्या संध्याकाळी गाडी आली, पण तो उतरला नाही. इंजिन चालूच. दिवस कलला होता, काचेतून आतलं नीट दिसत नव्हतं. फुसाए लाली लावून मागच्या दाराने आली, कुंपणाशी थांबली. जरा वेळाने तिनेच पलीकडचं दार उघडलं आणि आत बसली.

"चला लवकर," तिचा आवाज मला ऐकू आला. "बाबा दुकान बंद करून येतीलच."

गाडी वळली आणि पुलापलीकडे गेली. धरणापर्यंत जाऊन आली असावी, कारण परत यायला अंधार झाला. ती सीटवर झोपली होती. आम्ही दोघांनी तिला धरून आत नेलं. झोपेत ती कुणाला काही विचारत नव्हती.

रविवारी मी हत्यारं मांडून बसलो. कियोहारु आला आणि म्हणाला, "ते राहू दे. फक्त बोल्ट आवळून दे."

नव्या नळ्या तापून-निवून बोल्ट सैल होतात, पुन्हा आवळावे लागतात. मी वाकून एकेक आवळत गेलो. तो शेजारी गरम कॉफीचा कॅन हातात धरून उभा होता, उघडला नव्हता.

"रोज जाता दोघं?"

"रोज. ती समोर बघत बोलते. मी मान वळवत नाही."

"काय बोलते?"

"काल म्हणाली, एक म्हातारा रोज आमच्या दाराशी येऊन उभा राहतो. बिचारा चांगला वाटतो. पण तुम्ही त्याला एकदा नीट सांगा, माझं लग्न ठरलंय म्हणून."

पाना माझ्या हातात तसाच राहिला.

"मग? तू काय म्हणालास?"

"बोललो तर म्हाताऱ्याचा आवाज ऐकू येईल तिला," कियोहारु म्हणाला. "नुसती मान हलवली."

मागच्या कोपऱ्यातला बोल्ट तेवढा राहिला होता. तो आवळून मी बाजूला झालो.