भावी नगरसेवक, अमेरिका

मी एक फ्लेक्स बोलतोय. बारा बाय आठचा, चारी कोपऱ्यांना रिंगा मारलेला. नेकनूरच्या फाट्यावर महिनाभर उभा होतो. माझ्याइतक्या लांबच्या निवडणुकीत उतरलेला बोर्ड अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नसावा, असं मला अभिमानानं वाटतं.

माझा जन्म चौसाळ्याचा, अजिनाथच्या छपाईच्या दुकानातला. दोनदा सरपंच राहिलेले मोहनराव एका सकाळी तिथं आले आणि म्हणाले, "आमचा रविराज अमेरिकेत नगरपालिकेला उभा राहिलाय. बोर्ड झाला पाहिजे."

रविराज त्यांचा थोरला. अठरा वर्षांपूर्वी गेला, तिकडचा नागरिक झाला आणि आता तिकडच्या जुन्या वळणाच्या पार्टीकडून उभा होता. घर, देव, कष्ट आणि कमीत कमी सरकार, असं त्या पार्टीचं म्हणणं. मोहनरावांना ते मनापासून पटायचं. तिकडं मतदारांच्या अंगणात वीतभर पाट्या रोवतात, हे मात्र त्यांना अजिबात पटलं नाही. एवढ्याशा पाटीत शुभेच्छुक बसवायचे कुठं?

आमच्या जातीची रचना ठरलेली असते. मधे गॉगल लावलेला उमेदवार, खाली शुभेच्छुकांची मुंडकी आणि वरच्या ओळीत मोठे नेते. वरची ओळ चुकली की माणसं वर्षभर बोलत नाहीत.

"वर कोण घेऊ, दादा?" अजिनाथनं विचारलं.

"तिकडचे जे कुणी मोठे असतील ते घे."

अजिनाथनं रविराजचं फेसबुक धुंडाळलं. एका फोटोत तो एका पांढऱ्या केसांच्या बाईशी हसत हात मिळवत होता. केस पांढरे आणि पोरगा अदबीनं वाकलेला, म्हणजे नेत्याच असणार. अजिनाथनं त्यांना माझ्या डोक्यावर बसवलं आणि खाली लिहिलं, 'आमच्या मार्गदर्शक'. त्या होत्या सुझनबाई, रविराजच्या विरोधात उभ्या असलेल्या. यात अजिनाथचा तरी काय दोष? विरोधकाशी हसत हात मिळवून तो फोटो स्वतःच लावणारा उमेदवार त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मी फाट्यावर चढलो आणि माझ्या सावलीत अमेरिकेचा दरबार भरू लागला. मोहनराव एका बाजूला, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर बंकट दुसऱ्या बाजूला.

"खर्चाला मंजुरी न्हाई म्हणून अमेरिकेत सरकारच बंद पडलंय म्हणं," बंकट म्हणाले.

"मग लोक जेवायचे थांबले का? सरकार हाय का न्हाई हे कळू नये, असाच कारभार चांगला."

"अन् इमानतळावरच्या लोकांना पगार न्हाई, त्याचं काय?"

मोहनरावांनी त्यावर चहा मागवला. अडचणीचा प्रश्न आला की ते नेहमी चहा मागवत.

"काई राज्यांत ओळखपत्र न बघताच मत देऊ देत्यात," ते पुढं म्हणाले. "आपल्याकडं शाई लावल्याबिगर मास्तर बोट सोडत न्हाई. अन् हे म्हणं चंद्रावर गेलते!"

"पण भाईरच्याला लई हाकलायलेत."

"बांध न्हाई त्या रानात पाव्हण्याची शेळी अन् चोराची शेळी ओळखायची कशी?"

"मग आपला रविराज कुणाची शेळी, बे?"

"दारानं गेलेली!" मोहनराव गरजले आणि सगळा फाटा हसला. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "आमच्या रविराजच्या पार्टीचे पुढारी बी लई बोलतेत, बरं का. दिवसरात मोबाईलवर. जुन्या वळणाच्या माणसानं कसं, थोडं बोलावं." हे मला फार आवडलं. माझ्यावर तर गरजेपेक्षा जास्त मजकूर होता.

मतदानाला दोन दिवस उरले आणि रविराजचा फोन आला. बंकटच्या नातवानं टाकलेला माझा फोटो फिरत फिरत त्याच्या तिकडच्या गावी पोचला होता, आणि कुणीतरी 'मार्गदर्शक'चा अर्थही लावला होता.

"दादा, पार्टीवाले भडकलेत. मी आतून तिलाच सामील हाय म्हणतेत. तिच्या तोंडावर काट मारून व्हिडिओ पाठवा म्हणायलेत. न्हाईतर मी पडतोय."

अजिनाथ बिचारा काळा रंग आणि कुंचला घेऊन धावत आला. शिडी लागली. मी वरून पाहत होतो. मोहनरावांचा चेहरा पार उतरला होता. पोरगा नगरसेवक व्हावा, हे त्यांचं वर्षभराचं एकच स्वप्न होतं. कुंचला सुझनबाईंच्या गालापाशी आला तेव्हा ते ओरडले, "थांब!"

"दादा, पोरगा पडंल की!"

"पडू दे. बाईमाणसाच्या तोंडाला काळं फासून निवडून यायचं? आपल्या घरात असली रीत न्हाई. चूक आपली हाय. माझा व्हिडिओ काढ, मी माफी मागतो."

त्यांनी टोपी काढून माफी मागितली. माझ्यासमोर कुणी टोपी काढलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तो व्हिडिओ पार्टीवाल्यांच्या काही कामाचा नव्हता.

निकालाच्या सकाळी मोहनराव आणि त्यांच्या पत्नी मुक्ताबाई माझ्याखालीच बसले होते. फोन वाजला.

"पडलो, दादा. तेवीस मतांनी."

मोहनरावांनी विचारलं, "माझ्यामुळं?"

"थोडं तुमच्यामुळंच," रविराज म्हणाला. खोटं बोलायची त्यालाही सवय नव्हती. "एकजण मला म्हणला, तुझ्या बापानं काळं फासलं असतं तर तू आला असतास. मी म्हणलं, मग ते माझे दादा राहिले नसते."

मुक्ताबाईंनी मोहनरावांच्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "जेवलास का, बाळा?"

"जेवतोय, माय. सुझनबाईनं डबा पाठवलाय. तिखट न्हाई काई, पण गरम हाय."

आता मी मोहनरावांच्या कडब्याच्या गंजीवर आहे. लेकराचं तोंड उन्हात कशाला, असं म्हणत मुक्ताबाईंनी मला पालथं घालून बांधलं. त्यामुळं रविराज आणि सुझनबाई दोघंही कडब्याच्या उबेला आहेत आणि ऊन मी एकटा पाठीवर घेतो. तक्रार नाही.

निवडणुका येतच राहतील, तिकडं आणि इकडंही. माझे भाऊबंद फाट्याफाट्यावर चढतील. तुमचा माणूस त्यांच्यावर हवा तेवढा मोठा छापा, गॉगल घाला, वाघ उभा करा. समोरच्याला वरच्या ओळीत बसवा असंही मी म्हणत नाही. फक्त कुणी शिडी लावून कुंचला घेऊन चढलाच, तर खालून एकानं तरी "थांब" म्हणा.