गिटारच्या जागी चेहरा

'कंट्रीची सदाबहार गाणी' ही अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांची तबकडी दुकानात आली, तेव्हा माझा नवरा क्लेव्हन ती पुढ्यात घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ बसला. वेष्टनावर सगळ्या गायकांचे फोटो होते. 'क्लेव्हन टीग' या नावाच्या वर मात्र फक्त गिटारचं चित्र.

आम्ही काळी माणसं. तरुणपणी त्याचं गाणं टेक्सासभर रेडिओवर गाजलं, तेव्हा कंपनीने त्याचा चेहरा मुद्दाम लपवला होता. गाणारा काळा आहे म्हटल्यावर गोरे तबकडी घ्यायचे नाहीत. तेव्हा तो गप्प बसला, कारण त्याला गायचं होतं.

"आता काय घाबरायचं? व्हर्लीन, चिकटवायला खळ शिजव," तो मला म्हणाला.

त्याने हॅट घालून फोटो काढवला, तिकिटाएवढ्या प्रती करून आणल्या. शनिवारी गावातल्या दुकानात जाऊन आम्ही एकेका गिटारवर त्याचा चेहरा चिकटवू लागलो.

दुकानदार हॅस्केल धावत आला. "ए, माल खराब करतोस?"

"अपुरा होता. पुरा करतोय."

"शेरीफला बोलावीन."

"बोलवा. त्यालाही एक देतो, सही करून."

माणसं जमली. एक गोरी म्हातारी म्हणाली, "हे गाणं माझ्या लग्नात वाजलं होतं. ते तू गायलायस?"

क्लेव्हनने तिथेच एक कडवं म्हटलं. आवाज जाड झालाय, पण सूर तोच. म्हातारीने ऐकलं, हातातली तबकडी परत फळीवर ठेवली आणि निघून गेली. मला वाटलं, आता हा खचणार.

"जाऊ दे," तो म्हणाला. "यापुढे तिला लग्न आठवलं की मीही आठवेन."

शेरीफने आम्हाला बाहेर काढलं. हॅस्केल चेहरे खरवडायला गेला तर वेष्टनंच फाटायला लागली, तेव्हा त्याने तबकड्या तशाच विकल्या. मग कंपनीचा फोन आला. थांबला नाहीत तर गाणंच काढून टाकू.

"काढा," क्लेव्हन म्हणाला. "का काढलंत, ते मी गावोगाव सांगेन."

त्यांनी गाणं काढलं नाही. गिटारही तशीच ठेवली.

पुढच्या शनिवारी आम्ही शेजारच्या गावात गेलो. क्लेव्हन गाडी लावत होता, म्हणून मी एकटीच आत शिरून कामाला लागले. तिथल्या दुकानदाराने दरडावून विचारलं, "तू कोण गं?"

"यातल्या एका गायकाची बायको," मी म्हटलं, आणि पुढची तबकडी उचलली.