कडेची माणसं

"काका, हा ओरखडा आहे की केस?"

"केस."

"नक्की?"

"तुमचाच आहे. आत्ता वाकून बघत होतात तेव्हा पडला."

गिऱ्हाइकाने फुंकर मारली, केस उडाला. तरी समाधान होईना. त्याने लेन्स पुन्हा खिडकीकडे तिरकी धरली आणि एक डोळा मिटून तोंड वेडंवाकडं केलं. या आठवड्यातली ही त्याची चौथी फेरी होती. लग्नाला मुलगी बघणारेसुद्धा एवढ्या फेऱ्या मारत नाहीत.

"मग हे काय? हे बारीक, पांढरं?"

"तो ओरखडाच आहे," काका म्हणाले. "चिठ्ठीत लिहिलाय. पुढच्या काचेवर, कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा. फोटोत येणार नाही."

"पण आहे ना!"

"आहे. तुमच्या चष्म्यावर तीन आहेत. त्यातूनच हा दिसला तुम्हाला."

गिऱ्हाईक विचार करून सांगतो म्हणून गेलं. काकांनी हात टेकले. गेली पस्तीस वर्षं ते लोकांना एकच गोष्ट समजावत होते. पुढच्या काचेवरचा ओरखडा दिसतो फार आणि बिघडवतो कमी, मागच्या काचेवरचा दिसत नाही आणि फोटो नासवतो. लोक मान डोलवायचे आणि पुन्हा पुढच्याच काचेवर नख फिरवायचे.

जुन्या लेन्सच्या त्या दुकानात आत येणारी प्रत्येक लेन्स आधी काकांच्या टेबलावर यायची. एका बाजूने बॅटरीचा झोत टाकून ते दुसऱ्या बाजूने बघत. बुरशी, धूळ, काचेवरचा उडालेला लेप, प्रकाश कमीजास्त करणाऱ्या पाकळ्यांवर तेल, आणि ओरखडे. मग चिठ्ठी लिहायची, खाली सही आणि दुकानाचा शिक्का. काकांची चिठ्ठी असली की गावोगावचे लोक लेन्स न बघता घेत. सगळे त्यांना ओरखडेकाका म्हणत. घरी बायको म्हणायची, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायचा पगार मिळतो यांना. मुसळाचं खातं वेगळं आहे." त्यावर काका हसायचे. हल्ली हसायचाही कंटाळा यायचा. गुडघे दुखत, दुपारनंतर डोळ्यांना पाणी येई, आणि रोज तीच बुरशी, तेच ओरखडे.

भिंतीकडेच्या बाकावर एक बाई मघापासून बसली होती. साठीच्या पुढची, मांडीवर पिशवी धरून. गिऱ्हाईक गेल्यावर ती उठली आणि तिने टेबलावर एक लोकरीचा मोजा ठेवला. मोज्यात लेन्स होती.

"विकायची का?" काकांनी विचारलं.

"नाही हो, भाऊ. तपासायची आहे."

"विकायची नाही तर तपासून काय करणार?"

"तपासा तर खरं. मग सांगते."

काकांनी मोज्यातून लेन्स काढली आणि सवयीने झोत टाकला. काच इतकी स्वच्छ होती की क्षणभर काच आहे की नाही अशी शंका यावी. बुरशी नाही, ओरखडा नाही, लेप जसाच्या तसा. पाकळ्या कोरड्या. इतकी राखलेली जुनी लेन्स वर्षातून एखादीच यायची.

"कोणाची ही?"

"आमच्या यांची. मागच्या वर्षी गेले. फोटोग्राफर होते. म्हणजे आधी होते."

"फार जपलीय."

"जपायचं तेवढंच राहिलं होतं," बाई म्हणाली. तिने पिशवीतून पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो काढून समोर ठेवला. शाळेतल्या वर्गाचा होता. चार ओळी, मधे शिक्षक खुर्च्यांवर. मधल्या पोरांचे पडलेले दातसुद्धा मोजता येत होते. पण दोन्ही कडांना उभी असलेली पोरं ओल्या बोटाने पुसल्यासारखी होती. चेहऱ्याच्या जागी नुसता फिकट डाग.

"शाळांची आणि कचेऱ्यांचीच कामं असायची यांची," ती म्हणाली. "कुठलाही घोळक्याचा फोटो म्हटला की यांनाच बोलवायचे. मग एका वर्षी हे असं यायला लागलं. कडेच्या पोरांचे आईबाप भांडायला यायचे घरी. त्यांचं तरी काय चुकलं? पोराचा वर्षातून एकदा फोटो निघणार आणि त्यात त्याला तोंडच नाही."

"मग?"

"मग काय. हे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. मग यांनी धरलं की हातच गेला आपला, कॅमेरा सरळ धरता येत नाही. दोन वर्षं ओढलं कसंबसं. एकेक शाळा सुटली. शेवटी पार्सल ऑफिसात वजनकाट्यावर बसले, ते रिटायर होईपर्यंत. कॅमेरा पुन्हा हातात घेतला नाही. मुलीच्या लग्नातसुद्धा नाही. पण लेन्स मात्र दर रविवारी पुसायचे."

काकांनी लेन्स पुन्हा उचलली. या वेळी त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली आणि लेन्स छताच्या ट्यूबलाइटखाली धरून हळूहळू तिरकी केली. आतल्या प्रत्येक काचेवर त्या ट्यूबचं एकेक प्रतिबिंब पडतं, कुठलं मोठं, कुठलं बारीक, कुठलं उलटं. या बनावटीच्या शेकडो लेन्स त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. प्रतिबिंबांची रांग त्यांना पाठ होती. दुसरं प्रतिबिंब बारीक हवं होतं. ते मोठं होतं.

त्यांनी पुन्हा पाहिलं. मग कपाटातून कॅमेरा काढला, लेन्स लावली आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखली. मधले आकडे सुरीने कापल्यासारखे. कडेचे आकडे विरघळलेले.

"आतली एक काच उलटी बसलीय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कोणीतरी उघडून साफ केली आणि परत बसवताना उलटी बसवली."

"इथंच दिली होती साफ करायला," बाई म्हणाली. "या दुकानात. जरा बुरशी आली होती म्हणून. त्यानंतरच सुरू झालं, असं मला आपलं वाटायचं. पण महिनाभराने हे विचारायला आले होते, तर इथल्या माणसाने बघून सांगितलं, लेन्स एकदम निर्दोष आहे, एक ओरखडा नाही. मग मी तरी काय बोलणार?"

काकांनी कॅमेऱ्यावरून लेन्स काढली.

"उघडून बघतो," ते म्हणाले.

पुढचं कडं फिरवायला वेळ लागला नाही. त्या काळी दुरुस्ती करणारे कड्याच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण करत, म्हणजे पुन्हा तीच वस्तू आली तर कोणी कधी उघडली ते कळावं. गिऱ्हाइकाला ती कधीच दिसत नसे. काकांनी डोळ्याला भिंग लावलं. एक ठिपका, त्याखाली आडवी रेघ, शेजारी महिना आणि साल. रेघेचं टोक किंचित वर गेलेलं. सगळ्या दुकानात असली रेघ एकच माणूस मारायचा.

त्यांना तो फोटोग्राफर आठवला. नीट आठवला, हेच वाईट. उंच, खांदे पडलेले, बोलताना हातातली टोपी फिरवणारा. "कडा पुसट येतात हो," म्हणाला होता. काका तेव्हा तिशीत होते, ओरखडा पकडण्यात हातखंडा म्हणून थोरल्या मालकांनी नुकतंच सगळ्यांदेखत कौतुक केलेलं. त्यांनी झोत टाकला होता. काच लख्ख. कॅमेऱ्यावर लावून बघायची त्यांना गरजच वाटली नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला. "लेन्स निर्दोष आहे. कॅमेरा तिरका धरत असाल. नजर तपासून घ्या." आणि तो दाराकडे वळल्यावर, थोरल्या मालकांना हसवायला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

सगळे हसले होते. तो दारातच थांबला होता. त्याने ऐकलं होतं. मागे वळून पाहिलं नव्हतं, टोपी घातली आणि गेला.

"भाऊ," बाई म्हणाली, "मला एवढंच सांगा. दोष यात होता की यांच्यात? कारण एकदा भांडणात मीच बोलून गेले. म्हटलं, तुमची नजरच अधू झाली, तर बिचारी लेन्स काय करील. त्यानंतर ते तीस वर्षं त्या विषयावर बोलले नाहीत. मला माफ केलं की नाही तेही कळलं नाही."

आतल्या काउंटरवरून मालकीणबाई हे ऐकत होत्या. थोरल्या मालकांची ही मुलगी, बोलायला गोड आणि व्यवहाराला पक्की. त्या उठून आल्या आणि काकांच्या कानाशी वाकल्या.

"काका, जुनी वस्तू आहे. काळाने सरकलं म्हणा. बाईंचंही समाधान होईल."

सांगणं सोपं होतं. बाईने मान डोलावली असती, लेन्स मोज्यात घातली असती. काळ ही फार सोयीची गोष्ट आहे, त्याला कोणी सही मागत नाही. काकांनी बाईकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी पिशवी धरून उभी होती, निकाल लागायच्या दिवशी शाळेत पोरं उभी राहतात तशी.

"दोष लेन्समध्ये होता," काका म्हणाले. "तुमच्या मिस्टरांची नजर चांगली होती. हातही चांगला होता. बघा ना, मधली पोरं कशी आलीत."

बाईने तोंडावर हात ठेवला.

"आणि ती काच मी उलटी बसवली," ते म्हणाले. "ही खूण माझी आहे. तेव्हा दुरुस्तीही मीच करायचो. ते विचारायला आले तेव्हा त्यांना परत पाठवणाराही मीच."

मालकीणबाई कपाळाला हात लावून मागे सरल्या. बाई रडेल, ओरडेल, निदान वाईटसाईट बोलेल म्हणून काका वाट बघत होते. तिने बाक जवळ ओढला आणि बसली.

"सरळ करायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

काकांनी लेन्स पुढ्यात ओढली.

"सांगा ना."

"दहा मिनिटं."

"करा."

त्यांनी केली. बारा मिनिटं लागली. काच काढली, फुंकर मारली, उलटवली, बसवली, कडं आवळलं. बाई त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत होती. एवढंसंच काम. काकांना वाटलं, निदान अवघड तरी असतं.

"आता लिहून द्या," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही चिठ्ठी देता ना सगळ्यांना? तशी."

मालकीणबाई म्हणाल्या, "काका, शिक्का नको हं."

"नको," काका म्हणाले. "सही माझी आहे."

काच, लेप, बुरशी, पाकळ्या, ओरखडे अशा छापील ओळी असलेली चिठ्ठी त्यांनी पुढ्यात घेतली. सगळ्या ओळींसमोर रोजचे शब्द भरले. स्वच्छ. उत्तम. नाही. कोरड्या. नाहीत. मग खाली, जिथे छापील काहीच नव्हतं, तिथे लिहिलं: 'आतली काच उलटी बसवलेली होती. चूक दुरुस्ती करणाऱ्याची. फोटोग्राफरच्या नजरेत आणि हातात कोणताही दोष नव्हता.' खाली पूर्ण सही केली.

बाईने चष्मा लावून सावकाश वाचलं, ओठ हलवत. शेवटची ओळ दोनदा वाचली.

"ही आजची तारीख घातलीत," ती म्हणाली. "तेव्हाची पण घाला."

काकांनी कड्यावर कोरलेला महिना आणि साल आठवून लिहिलं.

तिने चिठ्ठीची घडी घालून फोटोच्या पुठ्ठ्यामागे सरकवली, फोटो पिशवीत ठेवला आणि उठली. रिकामा मोजाही घेतला. लेन्स टेबलावरच राहिली.

"अहो, ही राहिली!"

"ती नको मला, भाऊ. मला कागद हवा होता." दाराशी जाऊन ती थांबली. मागे वळली नाही. "रविवारी पुसत जा."

दार लागलं. मालकीणबाई काहीतरी म्हणत होत्या, दुकानाचं नाव, लोक काय म्हणतील वगैरे. काकांनी लेन्स कॅमेऱ्यावर लावली आणि खिडकीतून रस्त्यावर रोखली. मधे विजेचा खांब होता, त्याच्यावरचा गंजसुद्धा दिसत होता. बाई अगदी डाव्या कडेला होती, पिशवी छातीशी धरून रस्ता ओलांडायला थांबलेली. तिच्या चष्म्याची दांडी, कानामागची पांढरी बट, कोटाचं एक तुटलेलं बटण, सगळं स्वच्छ दिसत होतं.

मग रस्ता मोकळा झाला आणि ती चौकटीतून बाहेर गेली. काकांनी कॅमेरा तसाच धरून ठेवला.