बापाकडची खूण

चेन्नईजवळच्या ओरगडमच्या ट्रक कारखान्यात उभी हयात घातली, तरी सासुरवाडीच्यांना मी सोलापूरचा परकाच. त्यांच्या तंजावरी मराठी घरात मुलगी मामाला, नाहीतर मामाच्या मुलाला द्यायची. राजसबाईनं ती रीत मोडून माझ्याशी लग्न केलं आणि तिच्या भावानं, बालाजीरावानं, आमचं नाव टाकलं.

राजसला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा मात्र तो धावत आला. त्याचा बोनमॅरो तिच्याशी तंतोतंत जुळला, त्यानं तो दिला. खोटं कशाला बोलू, तिला वर्षभर त्यानंच जगवलं. पण ती खाटेवर पडलेली असताना तिच्याकडून शब्दही घेतला, की आमची कीर्तना त्याच्या मुलाला, कार्तिकला द्यायची. माझी मुलगी चेन्नईत पेरुंगुडीला नोकरी करते, तिला कोणी विचारलंसुद्धा नाही. मीही गप्प बसलो.

कॅन्सर परतला. डॉक्टर त्रिपुरसुंदरींनी सगळ्यांना समोर बसवलं. रक्तात नॅचरल किलर पेशी असतात, त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या अंगावर खूण ओळखणारे रिसेप्टर असतात. समोरच्या पेशीवर आपली खूण सापडली की किलर तिला सोडून देते. बालाजीरावांच्या पेशींना राजसच्या कॅन्सरवर घरचीच खूण दिसली. कीर्तनाच्या बऱ्याच किलर पेशींवर मात्र बापाकडची खूण शोधणारा रिसेप्टर आहे, आणि ती खूण राजसकडे नाही. खूण सापडली नाही तर त्या पेशी कॅन्सरवर तुटून पडतील. खात्री नाही, पण आता हाच रस्ता आहे.

बालाजीराव हटून बसला. लग्न ठरलेल्या मुलीच्या हाडात सुया खुपसायच्या नाहीत, माझाच मॅरो परत घ्या, रक्त आपलं आहे, म्हणाला. आपलं रक्त! त्याच आपलेपणानं बहीण मरत होती, तरी याचं तेच.

राजसला धाप लागली होती. ती म्हणाली, “अण्णा, तुझं देणं मी विसरणार नाही. पण कीर्तनाच्या लग्नाचा शब्द द्यायचा हक्क माझा नव्हताच. तो मी परत घेतला.”

कीर्तना आधी तमिळमध्ये पुटपुटली, मग मामाकडे बघून मराठीत म्हणाली, “मॅरो देते मामा. लग्न नाही करत.”

तो उठला. आता गेला कायमचा, असं मला वाटलं. दाराशी थांबून, माझ्याकडे न बघता तो मला म्हणाला, “नंतर कंबर फार ठणकते. पोरीला पाठीशी मऊ उशी द्या.”