मानसभेपुढे कोठारे सर

स्वस्थ बसणं कोठारे सरांच्या अंगातच नव्हतं, आणि त्यांनी नेमकं तेच व्रत घेतलं. मे महिन्याच्या सुट्टीत ते स्काऊट मास्तरांच्या कुठल्याशा शिबिराला गेले आणि डोक्यात वारं भरून परत आले. शाळा उघडल्यावर परळच्या आमच्या शाळेच्या मागच्या पटांगणात त्यांनी सगळ्या पथकाला गोल बसवलं आणि सांगितलं की यापुढे पथक आमचं. नायक आम्ही निवडायचा, कार्यक्रम आम्ही ठरवायचे, चुकेल त्याला शिक्षाही आम्हीच द्यायची. सर नुसते स्टुलावर बसून बघणार. आम्ही माना डोलावल्या. मोठी माणसं असं अधूनमधून बोलतात आणि ते मनावर घ्यायचं नसतं, एवढी अक्कल चौदाव्या वर्षी आम्हाला आली होती.

पण सर खरंच स्टुलावर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, कारण हात मोकळे राहिले तर ते आमच्या दोराच्या गाठी सोडवायला धावायचे. एकदा रामूने चुलीत ओली लाकडं घातली आणि पटांगणभर धूर झाला. सर खोकले, डोळे पुसले, ‘मी काही बोलणार नाही’ असं तीनतीनदा पुटपुटले आणि बोलले नाहीत. त्या दिवशी आमची खात्री पटली की हा माणूस आपल्याला फसवत नाहीये. मग आम्हाला भीतीच वाटायला लागली.

सर गिरगावातले, पाठारे प्रभू. घरात कचेरीतल्या नोकऱ्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या, त्यामुळे बोलणं मऊ आणि हाफपँटीची इस्त्री कडक. उंची देताना मात्र देवाने हात आखडता घेतलेला. पाठमोरे उभे राहिले की आमच्यातलेच एक वाटायचे. फाटकाबाहेरचा चणेवाला त्यांना दोनदा ‘ए बाळा’ म्हणाला होता, आणि दोन्ही वेळा सरांनी चणे घेतले होते.

आता निवडणुकीबद्दल. पथकनायक मीच होणार हे मी धरून चाललो होतो. उंची माझी, आवाज माझा, ‘जयवंत म्हणजे पथकाची शान’ हे वाक्यही माझंच. समोर उभा होता लवू. लालबागचा, बुटका, प्रश्न विचारला तरच बोलणारा. त्याची आई गंगुबाई गिरणीकामगारांसाठी खानावळ चालवायची. मी जोरदार भाषण केलं. लवूने भाषण केलंच नाही. आदल्या शनिवारी त्याने सगळ्यांना सुकट-बटाटा करून घातला होता, आणि वाढताना प्रत्येकाला विचारलं होतं की तिखट चालतं की नाही. मला स्वतःचं आणि माझ्या चुलतभावाचं मत पडलं. ती निवडणूक सुकटीवर विकली गेली हे माझं मत आजही कायम आहे.

मला कोल्हा संघाचा नायक करून गप्प बसवण्यात आलं. असे चार संघनायक आणि वर लवू, मिळून झाली आमची मानसभा. दर शनिवारी शाळा सुटली की ती भरायची. कोणी नियम मोडला असेल तर तो सभेपुढे उभा राहायचा, आपलं म्हणणं मांडायचा आणि शिक्षा ऐकायचा. सरांना बसायची परवानगी होती, मत द्यायची नव्हती. बोलायचं असेल तर हात वर करायचा. नियम त्यांनीच घातला होता, ‘सगळ्यांना सारखा, मलासुद्धा’ असं वर म्हणालेही होते. माझ्यावर पहिल्याच महिन्यात खटला झाला. शाळेच्या शिपायाच्या, गुणाजीच्या, कानाशी मी शिट्टी वाजवली होती आणि त्याच्या हातून पाण्याचा माठ सुटला होता. महिनाभर शिट्टी बंद, आणि संघाला बोलवायचं तर ‘कोल्हे हो, कृपा करून या’ असं हात जोडून बोलवायचं, असा निकाल लागला. निकाल ऐकून सर स्टुलावरून पडता पडता वाचले, इतके हसले.

हेडसरांना ही सगळी थेरं वाटायची. त्यांच्या मते पोरं आणि पतंग यांची दोरी हातातून सोडायची नसते. कवायतीच्या मास्तरांकडे पथक द्यायचं त्यांच्या मनात होतं. ते मास्तर फौजेतून आलेले, त्यांची छडी आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. दिवाळीपर्यंत हेडसरांनी कोठारे सरांना मुदत दिली. तोवर पोरांबद्दल एक जरी तक्रार आली तरी पथक कवायतीकडे जाणार, स्टूल आणि मानसभा बंद. वर एक ताकीद होती. मुंबईसह महाराष्ट्रासाठी रान पेटलं होतं, रोज कुठे ना कुठे सभा आणि मोर्चे चालले होते. सभेत कुणीही काहीही करो, शाळेचा स्काऊट गणवेश तिथे दिसता कामा नये. शाळेला सरकारी अनुदान होतं आणि हेडसरांना रक्तदाब होता.

आणि नेमकी शिवाजी पार्कवर रविवारी प्रचंड सभा ठरली. शनिवारची आमची मानसभा त्याआधीच पेटली. मी म्हणालो, गणवेशातच जाऊ, रांगेने जाऊ, पुढे मी झेंडा धरतो. दोघे संघनायक माझ्या बाजूचे झाले. स्टुलावर सरांचा चेहरा लाल होत चालला होता. ते स्वतः महाराष्ट्रवादी, घरात त्यावरून वडिलांशी वाद घालणारे, पण हेडसरांचा शब्दही त्यांना ठाऊक. हात मांड्यांखाली इतके दाबले होते की स्टूल करकरत होतं. तरी ते बोलले नाहीत. लवूने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ज्याला जायचंय त्याने घरच्या माणसांबरोबर जावं, घरच्या कपड्यात. गणवेश खुंटीला. पथक गेलं तर पुन्हा मिळायचं नाही. एकेकाला विचारत त्याने सगळ्यांकडून शब्द घेतला, माझ्याकडून सगळ्यात शेवटी. सर भान हरपून ‘शाब्बास’ म्हणाले, आणि हात वर न करता बोलल्याबद्दल लवूने त्यांना समज दिली. या सगळ्या गडबडीत दुपारच्या खिचडीचे गंगुबाईंकडून आणलेले टोप घासायचे राहूनच गेले.

रविवारी संध्याकाळी मी लवू आणि त्याच्या वडिलांबरोबर शिवाजी पार्कवर गेलो. पाय ठेवायला जागा नव्हती. पथकातली निम्मी पोरं इकडेतिकडे दिसली, सगळी घरच्या कपड्यात. मी जरा हिरमुसलोच होतो. तेवढ्यात लवूने माझा दंड धरला आणि पुढे बोट दाखवलं. गर्दीच्या मधोमध हॅट, स्कार्फ, खाकी शर्ट, इस्त्रीची हाफपँट, पट्ट्याला शिट्टी. एकेका पोराच्या तोंडाजवळ जाऊन निरखत कोठारे सर फिरत होते.

नंतर कळलं ते असं. दुपारी गिरगावात स्काऊट मास्तरांची बैठक होती. ती संपल्यावर सरांच्या मनात पाल चुकचुकली की एखाद्याने गणवेश घातला तर काय. स्टुलावर महिनोन् महिने दाबून ठेवलेली सगळी काळजी एकदम वर आली, आणि ते तसेच बसमध्ये चढून दादरला आले. आमच्यापैकी कुणी गणवेशात आहे का, हे ते पुऱ्या गणवेशात शोधत होते.

तरीही निभावलं असतं. पण व्यासपीठावरून घोषणा उठली, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’, आणि पुढचं सगळ्या मैदानाने म्हटलं. सर थांबले. दुसऱ्यांदा घोषणा आली तेव्हा त्यांचे ओठ हलले. तिसऱ्यांदा आमच्या त्या मऊ बोलणाऱ्या सरांनी हॅट आभाळात भिरकावली आणि ‘झालाच पाहिजे’ असे ओरडले की त्यांच्या पुढ्यातल्या बाईने कानावर पदर घेतला. कुणीतरी त्यांना पोर समजून खांद्यावर घेतलं. मग तर ते उतरेचनात. मी हसून हसून खाली बसलो. लवू हसला नाही.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर हेडसरांनी पथकाला थांबवून घेतलं. त्यांचे एक स्नेही मैदानासमोर राहायचे, त्यांनी गच्चीतून पाहिलं होतं. शाळेच्या स्कार्फातला एक मुलगा, बुटकासा, लोकांच्या खांद्यावर बसून नाचत होता. कोण तो, हे संध्याकाळपर्यंत कळलं पाहिजे, नाहीतर उद्यापासून पथक कवायतीच्या मास्तरांचं. कोठारे सर तिथे नव्हते. घसा बसल्यामुळे ते उशिरा येणार असल्याची चिठ्ठी आली होती. बुटकासा म्हटल्यावर हेडसरांची नजर लवूवर जाऊन थांबली. लवूने ती तशीच झेलली.

मधल्या सुट्टीत मानसभा भरली, शनिवार नसताना. मी म्हणालो, मी माझं नाव सांगतो. मला हौतात्म्याची हौस होती हे कबूल, पण सरांना वाचवायचंही होतं. तेवढ्यात सर आले, गळ्याला मफलर गुंडाळलेला. त्यांना सगळं सांगितलं. ते तसेच हेडसरांच्या खोलीकडे वळले.

“सर, बसा तुमी,” लवू म्हणाला. “आधी सभा.”

सर बसले नाहीत. स्टुलाशेजारी उभे राहिले, जिथे मी माठाच्या वेळी उभा राहिलो होतो तिथे. त्यांनी हात वर केला. लवूने मान हलवल्यावर घोगऱ्या, फाटक्या आवाजात त्यांनी सगळी हकीकत सांगितली, बसमध्ये चढण्यापासून खांद्यावरून उतरण्यापर्यंत. मला ऐकवेना. मी म्हणालो की सरांना कसली शिक्षा, ते आपले सर आहेत, हे आपण इथेच मिटवू.

“तू गप रव, जयवंता,” लवू म्हणाला. बोलताना तो सरांकडे बघत नव्हता. “त्यांना सोडलं तर तुला का धरलं होतं?”

निकाल लागला. सरांचा स्कार्फ महिनाभर सभेकडे जमा, आणि शनिवारचे सगळे टोप सरांनी एकट्याने घासायचे. हेडसरांना कळवायचं काम पथकनायकाचं, कारण पथकातल्या माणसाची चूक पथकानेच सांगायची. सरांनी स्कार्फ काढून लवूच्या हातात दिला.

शाळा सुटल्यावर आम्ही पटांगणात रांगेत उभे राहिलो. सर भिंतीशी नळाखाली उकिडवे बसून राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासत होते. शर्ट भिजू नये म्हणून काढून ठेवलेला, अंगात नुसती गंजी. लवू हेडसरांना घेऊन आला. वाटेत त्याने त्यांना एवढंच सांगितलं होतं की गणवेश घालून गेलेला सापडला, सभेने त्याला शिक्षा दिली आहे आणि ती तो भोगतो आहे. नाव सांगायला त्याने तोंड उघडलं होतं, पण हेडसरांनी नळाशी बसलेली ती बुटकी पाठ पाहिली आणि तरातरा पुढे गेले. वाकून त्यांनी कान धरला आणि पिळून वर उचलला.

वर आले ते कोठारे सर. नाकाला राख लागलेली. हेडसरांच्या हातात कान तसाच राहिला, सोडायचं त्यांना सुचेना. रांगेत रामूला उचकी लागली.

“कोठारे, तुम्हाला लाज वाटत नाही?” कान सोडून हेडसर अखेर म्हणाले.

“वाटते ना साहेब,” सर घोगऱ्या आवाजात म्हणाले. “म्हणून तर घासतोय. अजून दोन राहिलेत.”

हेडसरांचा रक्तदाब चढताना आम्हाला दिसला. हा पोरखेळ आजच बंद, असं ते बोलायला लागले. लवूने हात वर केला. हात वर करून थांबलेलं पोर पाहिल्यावर हेडसरांना सवयीने थांबावंच लागलं.

“पोरांची तक्रार आली तर पथक जाणार होतं, सर,” लवू म्हणाला. “पोरांची नाही आली. एकजण पण गणवेशात गेला नव्हता. तुमी कुणालाही विचारा.”

हेडसरांनी खरंच विचारलं, एकेकाला, माझ्याजवळ जरा जास्त वेळ. मग ते नळाकडे वळले.

“आणि या माणसावर लक्ष कोण ठेवणार?” त्यांनी विचारलं.

“आमी आहोत ना.”

“तू आहेस,” हेडसर म्हणाले. “पुन्हा हे गणवेशात कुठे दिसले तर मी यांना नाही विचारणार. तुला विचारीन. पथक तुझं आहे, समजलं?” आणि ते निघून गेले, राखेचा हात रुमालाला पुसत.

आम्हाला ओरडायचं होतं. पण कोठारे सर टोप हातात धरून उभे होते आणि रडत होते. आवाज नव्हता, त्यामुळे नुसतं पाणी वाहत होतं, राखेतून ओघळत होतं, आणि हात भरलेले म्हणून पुसताही येत नव्हतं. मास्तर माणसाला रडताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. नजर वळवावी असं वाटत होतं आणि वळत नव्हती.

“पथक,” लवूने हुकूम दिला, “मागे फिर.”

आम्ही सगळे एका टाचेवर फिरलो आणि भिंतीकडे तोंड करून सावधान उभे राहिलो. लवूही फिरला. कुणी हललं नाही, मीसुद्धा नाही. खूप वेळाने मागे टोपावर शेंडी घासल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, तेव्हा लवूने ‘विश्राम’ म्हटलं.